सरकारी रुपया आणि गावचा बाजार

नोकरदारांच्या पगारपत्रकात ‘व्यवसाय कर’ अशी एक ओळ असते. बहुतेकांचे दरमहा दोनशे, फेब्रुवारीत तीनशे, म्हणजे वर्षाला २५०० रुपये त्यात जातात. शाळेत यावर कुरकुर होते; पण हा कर कशासाठी आला, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो माणसे सरकारी कामांवर खडी फोडत होती. वि. स. पागे यांच्या रोजगार हमीच्या कल्पनेला त्या काळात बळ मिळाले. तिच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर लागू झाला आणि शहरातल्या पगारातून खेड्यातल्या मजुरीकडे पैसा वळला. १९७७ साली राज्याने हमीचा कायदा केला. २००५ साली केंद्राने तोच विचार देशभर नेला.

दरी किती?

२०११-१२ च्या राष्ट्रीय पाहणीत शहरातला माणशी मासिक खर्च खेड्यापेक्षा ८४ टक्के जास्त होता. २०२३-२४ मध्ये खेड्यात ४१२२ आणि शहरात ६९९६ रुपये खर्च झाला, म्हणजे फरक ७० टक्क्यांवर आला. सरकारकडून फुकट मिळालेल्या वस्तूंची किंमत धरली, तर खेड्याचा आकडा ४२४७ होतो. पाच माणसांच्या घराला हा महिन्याचा सव्वासहाशे रुपयांचा आधार आहे. दरी कमी होण्याला एकटा सरकारी खर्च कारण नाही. पण त्याचा हात नक्कीच आहे.

आपला संबंध काय?

मोहाडी तालुक्यातले आमचे आंधळगाव कोशाच्या विणकामासाठी ओळखले जाते. भोवती सगळी धानशेती. धान निघाले की मजुराच्या हाताला काम कमी. अशा दिवसांत मजुरी, रेशन किंवा लाडकी बहीणचे पंधराशे रुपये घरात आले, तर ते बँकेत पडून राहत नाहीत. ते थेट बाजारात येतात.

तुम्ही म्हणाल, आमचे नाव कुठल्याच यादीत नाही. पण आपल्यातली कितीतरी घरे बांगड्या, शिलाई, मटण-कोंबडी, गॅरेज, भाजीच्या गाडीवर चालतात. गिऱ्हाईक कोण? तोच मजूर. त्याची मजुरी दोन महिने रखडली, की आपल्या वहीतली उधारी वाढते आणि ईदचे कपडे आपल्याच घरात लांबणीवर पडतात.

रेशनने वाचलेले पैसे जातात कुठे?

औषध, बसभाडे आणि फीमध्ये. मोठा दवाखाना भंडाऱ्याला किंवा नागपूरला, चांगले कॉलेजही तिकडेच. शहरात जे दाराशी असते, त्यासाठी खेड्याला आधी तिकीट काढावे लागते. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले, तेव्हा मुलीच्या शिक्षणाचा हिशेब अनेक घरांत सोपा झाला. मात्र गावाला बसच नसेल, तर सवलत कागदावरच राहते. म्हणून हातात पैसे देण्याइतकाच दवाखाना, शाळा आणि बस यांवरचा खर्च महत्त्वाचा आहे.

भगिनींनो, रेशनकार्डावर घरातल्या प्रत्येकाचे नाव आहे का, ते तपासा. काम हवे असेल तर लेखी मागा आणि तारखेची पोच घ्या. ग्रामसभेला जा. निधी किती आला, कुठे खर्च झाला, हे तिथे विचारता येते. आपल्या वस्तीतल्या नळाचा आणि नालीचा प्रश्न आपण मांडला नाही, तर दुसरे कोण मांडणार?