वीतभर पाण्याचा मुलूख

कार्तिक सरत आला, हलका धान कापून झाला आणि भारी धानाच्या बांध्यांतले पाणी आटू लागले, की गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात पहाटेच्या धुक्याआडून एक निराळा कोलाहल ऐकू येऊ लागतो. सैबेरियाच्या दलदलींतून तलवार बदके आलेली असतात, मध्य आशियाच्या सरोवरांवरून लालसरी उतरलेल्या असतात, आणि एखाद्या भाग्यवान वर्षी, डोक्यावर दोन काळे पट्टे मिरवणारे, तिबेट-मंगोलियाच्या पठारावर वीण घालून हिमालय ओलांडणारे पट्टकदंब हंसही दिसतात. याच तालुक्यात प्रतापगड-गोठणगावच्या परिसरात १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत नांदते आहे, आणि ज्या पठारावरून ती माणसे आली त्याच पठारावरचा पक्षी हिवाळ्यात त्यांच्या शेजारच्या पाण्यावर उतरतो, हा योग मला नेहमीच हृदयंगम वाटत आला आहे.

परंतु पाखरे येतात म्हणजे नेमकी कशासाठी येतात, हे पाहायचे तर काठावर तासभर तरी निश्चल बसावे लागते. तलवार बदक बुडी मारत नाही; ते पाण्यात उभे उलटते, टोकदार शेपटी आभाळाकडे आणि मान चिखलाकडे करून तळचे बी आणि कोवळे कंद चोचीने चाळते, क्षणभराने सरळ होते, हातभर पुढे सरकते आणि पुन्हा उलटते. त्याची मान पोचेल तेवढीच त्याची भाकर. पाणी वीत-दीड वीत असेल तर ते तृप्त. कमरेएवढे झाले, की त्याच तळातले तेच बी त्याला पारखे होते. लालसरी आणि शेंडी बदक बुडी मारणारे, म्हणून खोल पाण्यातल्या अन्नावर त्यांचा निर्वाह. अडई, वारकरी आणि कमळपक्षी यांना पृष्ठावर तरंगणाऱ्या पानांचा आधार हवा. हंस तर पाण्यात केवळ विश्रांती घेतो आणि चरायला काठच्या हिरवळीवर येतो. तेव्हा जलपक्ष्यांचे व्यवस्थापन म्हणून जे काही म्हणतात ते पक्ष्यांचे नसतेच. ते पाण्याच्या खोलीचे, तळाच्या उताराचे आणि त्या तळात रुजणाऱ्या वनस्पतींचे असते.

ही गोष्ट जगाने शास्त्र म्हणून अलीकडे मांडली. अमेरिकेतल्या पक्षी-आश्रयस्थानांचे अधिकारी उथळ तळी वसंतात मुद्दाम रिकामी करतात, उघड्या ओल्या चिखलात गवते उगवून बी धरू देतात आणि शरदात, बदकांचे थवे यायच्या सुमारास, त्यात पुन्हा थोडे थोडे पाणी सोडतात. पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीतल्या तलावांत हाच क्रम मोसमी पावसाने आणि धानाच्या शेतीने मिळून कित्येक पिढ्या चालवला होता: वैशाखात काठ उघडा पडायचा, मृगाच्या सरींनी देवधान (रानटी भात) आणि लव्हाळे उगवायचे, श्रावणात तलाव भरायचा, हस्त-चित्रात पावसाने ओढ दिली की धानासाठी पाणी सुटायचे, आणि पाणी जसजसे मागे हटे तसतशी काठाकाठाने उथळ पाण्याची नवी कड बदकांसाठी मांडली जायची. कोणी पाखरांसाठी काही केले नाही. धानासाठी जे केले त्यात पाखरांचा वाटा आपोआप निघत गेला.

हे तलाव बांधणारे कोहळी समाजाचे लोक. गोंड राजांच्या अंमलात त्यांनी या मुलुखात पाण्याच्या उताराचा असा काही अचूक वेध घेतला, की भंडारा-गोंदिया म्हणजे तलावांचे जिल्हे ही ख्याती आजही टिकून आहे. डोंगरांच्या कुशीत पसरलेला नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, आणि लोकांनी त्यांना कोलासूर म्हणून देवपण दिले. पाणी अडवणाऱ्या माणसाचा देव व्हावा, यात त्या समाजाची सारी मूल्यव्यवस्था दिसते. निसर्गलेखक मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथे राहिले, मासेमार ढीवरांकडून पाणवनस्पतींची आणि पाखरांची नावे शिकले, आणि तो जलाशय मराठी वाचकाच्या मनात कायमचा वसवून १८ जून २०२५ रोजी गेले. त्यांच्या शब्दकळेचा मोठा भाग या काठाने दिला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

मालगुजारीच्या, म्हणजे गावचा सारा भरणाऱ्या जमीनदारांच्या, काळी कोणाच्या बांधीला पाणी कधी, पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, डागडुजीला कोणी किती राबायचे, या रिवाजांची नोंद गावच्या वाजिब-उल-अर्जात होत असे. त्या व्यवस्थेत मालगुजाराचा वरचष्मा होता, अन्यायही होता, आणि तिच्यासाठी मला हळहळायचे नाही. परंतु १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि एकसंध असलेल्या तलावाचे कागदोपत्री तुकडे पडले: पाणी पाटबंधाऱ्याचे किंवा जिल्हा परिषदेचे, मासे सहकारी संस्थेच्या ठेक्याचे, काठ महसुलाचा, पलीकडचे रान वनखात्याचे. पूर्व विदर्भातल्या साडेसहा हजारांवर माजी मालगुजारी तलावांपैकी बहुतेकांच्या तळाची, म्हणजे जिथे बी रुजते त्या चिखलाची, जबाबदारी कोणाच्याच दप्तरी उरली नाही.

त्या बेवारस तळात बेशरम ही झुडपी वनस्पती शिरली. तिची जांभळी फुले लांबून सुंदर दिसतात. पण तिच्या कांडीचा बोटभर तुकडा ओल्या मातीत राहिला तरी तो फुटतो, आणि जिथे ती माजते तिथे देवधान उरत नाही. त्यातच अधिक उत्पन्नाच्या आशेने तलावांत कटला-रोहूबरोबर गवत्या मासा सोडला गेला, जो नावाप्रमाणे पाण्यातली हिरवळ फस्त करतो. मरळ, वाघूर, शिंगूर यांची अंडी-पिले ज्या पाणगवतात वाढत, तेच बदकांचेही अन्न. तेव्हा ढीवराचे जाळे आणि पाखरांचे थवे एकाच वेळी रिते होत गेले.

यावरचा उपाय बाहेरून आला नाही. अभ्यासक मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी अर्जुनी मोरगावच्या ढीवरांबरोबर बसून, कोणती वनस्पती कोणत्या माशाची आणि कोणत्या पाखराची, ही त्यांच्याच तोंडची विद्या वर्षानुवर्षे टिपून घेतली, आणि मग तिच्या आधारे तलावांचा तळ पुन्हा वसवायला घेतला. उन्हाळ्यात बेशरम मुळासकट उपटायची, तळ नांगरायचा, पावसाळ्यात शाबूत तलावांतून देशी पाणवनस्पती आणून लावायच्या. या कामात ढीवर समाजाच्या स्त्रिया अग्रभागी राहिल्या. नवल असे, की हे सारे माशांसाठी आरंभले होते, आणि पाठोपाठ पाखरेही परतू लागली.

कायद्यांची उणीव आपल्याकडे नाही. शिकारीवर १९७२ च्या अधिनियमाने नियंत्रण आले आणि १९९१ च्या दुरुस्तीने ती जवळजवळ संपली; नवेगाव १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाले. इराणमधील रामसर येथे १९७१ साली पाणथळींचा आंतरराष्ट्रीय करार झाला, १९८२ मध्ये भारत त्यात सामील झाला, आणि महाराष्ट्रातल्या पहिल्या पाणथळीचे, नांदूर मधमेश्वरचे, नाव त्या यादीत जाहीर व्हायला २०२० उजाडले. बंदूक गेली हे उत्तमच झाले. परंतु बंदुकीने थवा उठे आणि फिरून बसे, खणलेल्या तळावर मात्र तो बसतच नाही.

म्हणूनच गाळ काढण्याच्या उत्साहाकडे मी काळजीने पाहतो. गाळ काढलाच पाहिजे, शेतात तो सोन्यासारखा पडतो. परंतु यंत्र लावून काठापासूनच सरळ उभा खड्डा खणला, तर पाण्याचा साठा वाढतो आणि वीतभर पाण्याची कड नाहीशी होते. पाळीजवळचा खोल भाग उपसावा, वरच्या अंगाचा मंद उतार राखावा, गाळपेराला, म्हणजे पाणी हटल्यावरच्या पिकाला, दिलेल्या काठातला एक पट्टा देवधानासाठी सोडावा, आणि कोणत्या महिन्यात पाणी किती उतरवायचे हे ठरवताना शेतकऱ्याच्या शेजारी ढीवरालाही बसवावे, एवढेच मागणे आहे. जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते तेव्हा पाखरांच्या आकड्याशेजारी काठावरच्या पाण्याची खोलीही लिहिली जावी.

आषाढात एका तलावावर मी उभा होतो. गुडघाभर चिखलात उतरलेल्या बाया ओल्या पोत्यातून पाणवनस्पतींच्या जुड्या काढत होत्या, मूळ अंगठ्याने तळात दाबत होत्या आणि धानाच्या रोवणीसारख्याच ओळीने मागे सरत होत्या. ‘ही कोणासाठी?’ म्हणून विचारले, तेव्हा एकीने वर न पाहता सांगितले, ‘मासोळीसाठी जी. अन् वरचे ते पाखरं खातेत, ते खाऊ द्या.’