मसाल्याचे मीड : मध का व कसा आंबतो

पोळ्यातून मध काढून बरणीत भरला, महिन्या-दोन महिन्यांत त्यावर फेस आला, झाकण उघडताना वायू सुटला आणि चव आंबूस लागली, अशी तक्रार मधपाळ नेहमी करतात. मधात मूळचेच काही यीस्ट असतात. पाण्याचे प्रमाण १७ टक्क्यांच्या आसपास असेल तर ते निपचित पडून राहतात. प्रमाण २० टक्क्यांपुढे गेले की ते वाढू लागतात. नको असताना घडणारी हीच क्रिया योग्य पाणी व निवडक यीस्ट वापरून मुद्दाम घडवून आणली, की मीड हे मधाचे मद्य तयार होते.

हे पेय फार जुने आहे. संस्कृतातील 'मधु' आणि इंग्रजीतील 'मीड' हे शब्द एकाच मुळाचे आहेत. इथिओपियात गेशो नावाच्या झुडपाची पाने व काड्या घालून 'तेज' करतात. पोलंडमध्ये मध व पाणी यांच्या प्रमाणावरून मीडच्या प्रती ठरतात. एक भाग मधास दोन भाग पाणी असेल तर ते 'त्रुइनियाक'. मसाले घातलेल्या मीडला 'मेथेग्लिन' म्हणतात, हा शब्द वेल्श भाषेतला. थंड देशांत उन्हाळ्याच्या शेवटी मध काढला जातो, त्याच सुमारास सफरचंदे उतरतात. त्यामुळे शरद ऋतूत दालचिनी, लवंग, जायफळ घालून मीड लावण्याची तिकडे रीत आहे.

येथे एक गोष्ट आधीच सांगणे आवश्यक आहे. अमेरिकेत दोन प्रौढ व्यक्तींच्या कुटुंबास घरगुती वापरासाठी वर्षाला २०० गॅलनपर्यंत असे मद्य करता येते. महाराष्ट्रात मात्र दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, मग ते घरच्या मधाचे व घरच्यापुरते का असेना. म्हणून पुढील कृती परदेशी घरांतून कशी केली जाते हे समजण्यासाठी दिली आहे, घरी करून पाहण्यासाठी नाही.

कृती : पाच लिटर मीडसाठी साधारण दीड किलो मध घेतात व पाणी घालून एकूण पाच लिटर करतात. या मिश्रणाचे विशिष्ट गुरुत्व १.०८५ ते १.०९० च्या दरम्यान येते व सर्व साखर आंबल्यास ११ ते १२ टक्के मद्यार्क तयार होतो. पूर्वी मध-पाणी उकळून मळी काढीत. आता बहुतेक जण उकळत नाहीत, कारण उकळीबरोबर मधाचा सुगंध निघून जातो. भांडी मात्र निर्जंतुक करून घेतात. वाइनसाठी मिळणाऱ्या यीस्टची पाच ग्रॅमची एक पुडी कोमट पाण्यात पंधरा मिनिटे भिजवून मिसळतात.

खरी अडचण पुढे येते. द्राक्षाच्या रसात यीस्टला लागणारे नत्र पुरेसे असते, मधात ते फारच थोडे असते. पिकाला नत्र कमी पडले की पाने पिवळी पडतात, तसे येथे यीस्ट उपाशी राहते, आंबवण रेंगाळते व कुजक्या अंड्यासारखा वास येतो. जुने लोक यासाठी मनुका घालीत, पण त्याने फारसे भागत नाही. त्यामुळे लिटरला सुमारे एक ग्रॅम डायअमोनियम फॉस्फेट पहिल्या तीन दिवसांत विभागून देतात. नाव ओळखीचे असले तरी हे खाद्य प्रतीचे असते. खताच्या गोणीतील डीएपी कोणत्याही खाद्यपदार्थात कधीही घालू नये. त्यात इतर अशुद्ध द्रव्ये असतात.

पहिले काही दिवस मिश्रण रोज ढवळतात, म्हणजे यीस्टला प्राणवायू मिळतो व कोंडलेला वायू निघून जातो. नंतर बरणीला पाण्याची वायुकडी बसवितात. तिच्यातून वायू बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. घट्ट बूच लावल्यास बरणी फुटते. तापमान १८ ते २२ अंश सेल्सिअस ठेवतात. आपल्याकडील ऑक्टोबरच्या उष्म्यात हे साधणे कठीण. जास्त तापमानात पेय उग्र होते.

मसाले सुरुवातीलाच घालणे बरे नाही. लवंगेतील युजेनॉल यीस्टला मारक ठरते, शिवाय उसळणाऱ्या वायूबरोबर वास उडून जातो. तीन-चार आठवड्यांनी वरचे पेय गाळावरून अलगद दुसऱ्या बरणीत घेतात. मग दालचिनीचा बोटभर तुकडा, दोन लवंगा, चिमूटभर जायफळ व संत्र्याच्या सालीचा वरचा केशरी भाग मलमलच्या पुरचुंडीत सोडतात. दर दोन दिवसांनी चव घेतात व पुरेशी वाटताच पुरचुंडी काढतात. लवंग जास्त झाली तर तिला उतारा नाही. दोन आठवड्यांच्या अंतराने गुरुत्व तेच भरले तरच बाटल्या भरतात. पुढे सहा महिने ते वर्षभर मुरू दिल्यावर चव जुळून येते.

आपल्या मधपाळांसाठी : पुणे व नाशिक येथे परवाना घेऊन मीड तयार करणारे उद्योग उभे राहिले आहेत. अशा ग्राहकाला मध विकायचा तर तो आधीच आंबलेला चालत नाही. जंगली यीस्टने सुरू झालेली चव नंतर सुधारता येत नाही. सातेरी मधमाशीच्या मधात पाणी बरेचदा २० टक्क्यांहून अधिक असते, पावसाळी हवेत तर विशेषच. म्हणून चौकटीवरील निदान तीन चतुर्थांश घरे मेणाने बंद झाल्याशिवाय मधयंत्र लावू नये. पोळे पिळून मध काढू नये. रिफ्रॅक्टोमीटरने पाण्याचे प्रमाण पाहून घ्यावे. पाणी जास्त असलेला मध खाण्यासाठी विकायचा असल्यास दुहेरी भांड्यात ६० ते ६५ अंशांवर अर्धा तास तापवून, गाळून, लगेच थंड करावा. थेट आचेवर ठेवू नये. जांभूळ, हिरडा, कारवी यांचा मध एकत्र न करता वेगवेगळ्या कोरड्या, झाकणबंद डब्यांत ठेवावा आणि प्रत्येक डब्यावर फुलोऱ्याचे नाव व काढणीची तारीख लिहावी.