डोळ्यांपलीकडचं वाचन – लेखांक ७ : समासात लिहायचं कसं?

मागच्या दोन लेखांकांत फोनवरचा टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर, चालू करणं आणि मराठी आवाज फोनमध्ये उतरवून घेणं पाहिलं. त्यावर अंजनवेलहून एक पत्र आलं आहे. काचबिंदूने नजर गेलेले एक निवृत्त शिक्षक नातीच्या हातून कळवतात, की ऐकणं आता चांगलं जमतं. पण वाशिष्ठीच्या मुखावरच्या गोपाळगडाबद्दल काही लिहायचं त्यांच्या मनात आहे आणि त्यासाठी वाचलेलं टिपून ठेवायला हवं. ते टिपायचं कुठे?

गुरुजींचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. अंध वाचकाला ऐकण्याची सोय झाली की वाचनाची सोय झाली, असं डोळस माणसं सहज धरून चालतात. स्टोरीटेलसारखी सेवा २०१७ मध्ये भारतात आली, मराठी कादंबऱ्या उत्तम आवाजांत ऐकता येऊ लागल्या आणि त्याचा आनंदच आहे. पण ध्वनिपुस्तकात एखादं आडनाव ऱ्हस्व लिहिलंय की दीर्घ, हे कळत नाही. वाक्य कितव्या पानावरचं, तेही कळत नाही. ज्याला उतारा द्यायचा आहे, परीक्षेला बसायचं आहे, कुणाचं म्हणणं खोडून काढायचं आहे, त्याला पुस्तकाची अक्षरंच हाती असावी लागतात. शिवाय दहा तासांचं ध्वनिपुस्तक साधारण तीनशे एमबीपर्यंत जातं आणि त्याच पुस्तकाची नुसती अक्षरं बहुधा एका एमबीत मावतात. पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्ही रुसतात, तेव्हा किनाऱ्यावरच्या गावात हा फरक फार मोठा ठरतो.

म्हणून कोणतं अ‍ॅप घ्यावं, याआधी फाइलच्या पोटात काय आहे ते पाहावं लागतं. मराठीत खरी अडचण तिथेच आहे.

मराठी छपाई संगणकावर आली तेव्हा श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा फॉन्टांनी तिला हात दिला. त्यांची युक्ती अशी : फाइलमध्ये एखाद्या रोमन अक्षराचा किंवा चिन्हाचा क्रमांक साठवायचा आणि फॉन्टने त्या जागी देवनागरीचा तुकडा काढायचा. डोळ्यांना पान स्वच्छ मराठी दिसतं. स्क्रीन रीडर मात्र काढलेलं चित्र पाहत नाही, साठवलेला क्रमांक वाचतो. मग कानावर डॉलर, कंस आणि सुटी इंग्रजी अक्षरं येतात. पुस्तक निर्दोष छापलेलं असतं आणि अंध वाचकाला त्यातला एक शब्दही मिळत नाही.

युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, 'क'चा ०९१५. क्रमही उच्चाराचा असतो. 'कि'मध्ये वेलांटी दिसते आधी, पण साठवली जाते 'क'नंतर. जुन्या फॉन्टांत जसं दिसतं तसं साठवलं जाई, म्हणजे आधी वेलांटी, मग 'क'. रफाराची गोष्ट याच्या उलट : 'अर्थ'मध्ये 'र' उच्चारात 'थ'च्या आधी आहे, जुन्या फाइलीत तो 'थ'च्या नंतर येतो. त्यामुळे जुनी फाइल युनिकोडमध्ये आणताना नुसते क्रमांक बदलून भागत नाही, अक्षरांची जागाही बदलावी लागते. रूपांतर केलेली फाइल तपासणाऱ्याने पहिल्या वेलांटीचे आणि रफाराचे शब्द आधी पाहावेत.

तुमच्याकडची पीडीएफ कोणत्या जातीची आहे, हे कुणालाही क्षणात ताडता येतं. तिच्यातला एक शब्द निवडून कॉपी करा आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या संदेशात पेस्ट करा. मराठीच उमटलं तर फाइल वाचता येईल. रोमन अक्षरांचा गोंधळ उमटला तर ती जुन्या फॉन्टातली आहे. शब्द निवडताच आला नाही, तर ते नुसतं पानाचं छायाचित्र आहे. छायाचित्रावर अजून इलाज आहे : फाइल गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडली, की चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर तयार होतो. अलीकडची सुबक छपाई असेल तर निकाल बरा लागतो. खिळ्यांच्या जुन्या छपाईत जोडाक्षरं घसरतात आणि कुणाला तरी बसून ती दुरुस्त करावी लागतात.

घरच्या माणसाने पुस्तक असं स्कॅन करून देणं कायद्यात बसतं का, अशी भीती अनेकांना वाटते. ते कायद्यात बसतं. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने अपंग व्यक्तीला वाचता येईल अशा रूपात पुस्तकाची प्रत करायला आणि ती त्या व्यक्तीला वैयक्तिक वापरासाठी, शिक्षणासाठी किंवा संशोधनासाठी द्यायला मोकळीक दिली आहे. अट एवढीच, की त्यात नफा कमवायचा नाही आणि प्रत अपंग वाचकांपुरतीच ठेवायची. अशा प्रती देशांच्या सीमा ओलांडून देता याव्यात म्हणून २०१३ मध्ये माराकेश करार झाला आणि २०१४ मध्ये तो सगळ्यांत आधी मान्य केला भारताने. तेव्हा अंजनवेलची नात आजोबांसाठी पानं स्कॅन करत असेल, तर ती कायद्याने दिलेल्या हक्काप्रमाणेच वागते आहे.

तयार पुस्तकांचं मोठं ठिकाण म्हणजे ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालेलं सुगम्य पुस्तकालय. केंद्र सरकारचा दिव्यांगजन विभाग, डेझी फोरम ऑफ इंडिया आणि टीसीएस यांनी मिळून ते उभं केलं. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर, फोरमच्या सदस्य संस्थेमार्फत तिथे नाव नोंदवता येतं. याशिवाय मराठी विश्वकोश युनिकोडमध्ये खुला आहे. मराठी विकिस्रोतावर हक्कमुक्त जुनी पुस्तकं आहेत आणि ती ईपब या ई-पुस्तकाच्या रूपात उतरवून घेता येतात. किंडलवर मराठी पुस्तकं २०१६ च्या अखेरीस आली. फोनवरच्या किंडल अ‍ॅपमध्ये टॉकबॅक चालतो.

निवड असेल तेव्हा पीडीएफऐवजी ईपब घ्या. पीडीएफमध्ये पान ठरलेलं असतं, त्यामुळे प्रत्येक पानाचा क्रमांक आणि माथ्यावरचं पुस्तकाचं नाव वाक्याच्या मध्येच वाचलं जातं. ईपबमध्ये मजकूर सलग वाहतो, प्रकरणांची शीर्षकं शीर्षक म्हणून नोंदलेली असतात आणि वाचक एका शीर्षकावरून पुढच्यावर उडी मारू शकतो. नीट केलेल्या ईपबमध्ये छापील आवृत्तीची पानंही नोंदलेली असतात. वर्गात "पान ८४ काढा" म्हटलं, की अंध विद्यार्थीही इतरांबरोबर तिथे पोचतो. मराठी प्रकाशकांनी एवढं एक काम मनावर घ्यावं, असं मला कळकळीने वाटतं. मजकूर आता बहुतेकांकडे युनिकोडमध्ये येतो. शीर्षकं आणि पानं नोंदायला थोडाच जास्तीचा वेळ लागतो.

आता टिपणं. फोनवर डॉल्फिनचं ईझीरीडर हे अ‍ॅप मुळात दृष्टिबाधितांसाठीच केलेलं आहे. ते विनामूल्य आहे, सुगम्य पुस्तकालयाला जोडता येतं आणि त्यात पुस्तकात हव्या त्या जागी खूण ठेवता येते. गूगल प्ले बुक्समध्ये ठेवलेल्या खुणा आणि टिपणं गूगल ड्राइव्हवरच्या एका दस्तऐवजात आपोआप जमा करता येतात. ज्याला पुढे लेख लिहायचा आहे त्याला हे सोयीचं, कारण अ‍ॅपच्या आत अडकलेली टिपणं पुढे कामाला येत नाहीत.

टिपण लिहायचं कसं, हा निराळा प्रश्न. गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये मराठी बोलून टाइप करण्याची सोय आणली. ती जलद आहे, पण फोन बोलत असताना आपण बोललो तर दोन्ही आवाज मिसळतात. इअरफोन लावून, वाचन थांबवून मगच बोलावं. विशेषनामं हमखास चुकतात. 'दाभोळ', 'वेलदूर' अशी नावं आली की टॉकबॅकमध्ये वाचनाचं एकक 'अक्षर' करून शब्द सुटा सुटा ऐकावा. हे कंटाळवाणं आहे, पण ऐकून लिहिणाऱ्याचं शुद्धलेखन टिकतं ते यामुळेच.

जास्त लिहायचं असेल तर मी कीबोर्डच सुचवीन, आणि तोही इनस्क्रिप्ट मांडणीचा. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला अशी सरळ वाटणी आहे. कीबोर्डवरच्या दोन उंचवट्यांवर तर्जन्या ठेवल्या की बाकीच्या जागा बोटांना पाठ होतात. डोळ्यांची गरज लागत नाही. फोनलाही ब्लूटूथ कीबोर्ड जोडता येतो. घरी संगणक असेल तर एनव्हीडीए हा विनामूल्य स्क्रीन रीडर आणि थोरियम हा विनामूल्य ईपब वाचक, ही जोडी घ्या.

टिपणांची वही साध्या वर्ड फाइलमध्ये ठेवावी. पुस्तकाचं नाव पहिल्या पातळीचं शीर्षक, प्रकरण दुसऱ्या पातळीचं, आणि प्रत्येक टिपणाच्या सुरुवातीला पान क्रमांक. शीर्षक म्हणजे ठळक केलेला मजकूर नव्हे. वर्डमधली शीर्षकाची शैलीच लावायची. मग एनव्हीडीएच्या ब्राउझ मोडमध्ये 'एच' दाबत गेलं, की एका शीर्षकावरून पुढच्यावर सरळ जाता येतं. दोनशे टिपणांत हवं ते सापडायला हीच शीर्षकं मदत करतात. दुसऱ्याचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं असेल तर त्याआधी 'उतारा' आणि स्वतःचा विचार असेल तर 'माझं' असा शब्द लिहावा. अवतरणचिन्ह डोळ्यांना दिसतं, पण ऐकताना सहज निसटून जातं.

ब्रेल येत असेल त्याने हे सगळं करताना ब्रेल सोडू नये. अक्षर बोटाखाली येणं आणि कानावर पडणं यांत फरक आहे, आणि मुलांच्या बाबतीत तर ब्रेल आधी, अ‍ॅप नंतर, असंच माझं मत आहे. पण साठीनंतर नजर गेलेल्या माणसाला ब्रेल शिकणं जड जातं. गुरुजींसारख्यांना फोन आणि कीबोर्ड हाच जवळचा रस्ता आहे.

गुरुजींनी सुरुवात १८८० च्या रत्नागिरी आणि सावंतवाडीच्या गॅझेटिअरपासून करावी. मुंबई इलाख्याच्या मालिकेतला तो दहावा खंड आहे. इंग्रजी आहे, हक्कमुक्त आहे, आणि इंग्रजी जुनी छपाई यंत्राला मराठीपेक्षा बरी ओळखता येते. त्यातली अंजनवेलची नोंद आधी पूर्ण ऐकावी, मग दुसऱ्यांदा थांबत थांबत, पान क्रमांकासह टिपावी. आकडे आणि सनावळी मात्र नातीने एकदा छापील पानाशी ताडून पाहाव्यात, कारण यंत्र इंग्रजी ३ आणि ८ यांत अजूनही गफलत करतं.

पुढच्या लेखांकात : तक्ते, नकाशे आणि गणिताची पुस्तकं.