कोळंबी तलावाचे सांडपाणी: शेवाळ लावा, पण वेळेवर काढा

कोळंबीची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांमुळे तलावाच्या पाण्यात अमोनिया, नत्र व स्फुरद वाढते. हे पाणी तसेच खाडीत सोडले, तर भरतीबरोबर तेच पुन्हा तुमच्या तलावात येऊ शकते.

शेवाळ काय करते?
नत्र व स्फुरद हे शेवाळाचे अन्न आहे. ग्रॅसिलेरियासारखे समुद्री शेवाळ ते शोषून वाढते.

कसे करावे?
१. पाणी आधी वेगळ्या तलावात साठवा. गाळ खाली बसू द्या.
२. वरचे निवळलेले पाणी शेवाळाच्या तलावात सोडा. तेथे भरपूर ऊन हवे.
३. वाढलेले शेवाळ नियमित काढा. ते तेथेच कुजले, तर शोषलेले घटक पुन्हा पाण्यात मिसळतात.

लक्षात ठेवा
शेवाळामुळे रोग जात नाही. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आढळल्यास पाणी बाहेर सोडू नका. आधी क्लोरीनने निर्जंतुक करा.

अर्थसाहाय्य किती?
प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत वैयक्तिक लाभार्थ्यांसाठी प्रकल्प खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत, तर महिला, अनुसूचित जाती व अनुसूचित जमातींसाठी ६० टक्क्यांपर्यंत अर्थसाहाय्याची तरतूद आहे. तुमचे काम त्यात बसते का, हे जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा आणि मगच खर्च करा.