विद्यापीठ गिरणाकाठी आले, आपली मुले कोणत्या दाराने आत जाणार?

खानदेशातल्या कष्टकरी माणसाला पुणे किती लांब होते, हे १९९०च्या आधी पदवी घेतलेल्यांना विचारावे. जळगाव-धुळ्याची महाविद्यालये तेव्हा पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. विद्यापीठात काम निघाले की सुमारे चारशे किलोमीटरची वाट धरावी लागे. एसटीचे भाडे, वरचा खर्च आणि बुडालेला रोज, असा तिहेरी भुर्दंड. हमालाच्या, शेतमजुराच्या मुलाने तो सोसायचा कसा?

१५ ऑगस्ट १९९० रोजी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना झाली. डॉ. नि. कृ. ठाकरे हे पहिले कुलगुरू. जळगावहून धुळ्याकडे जाणाऱ्या महामार्गालगत, बांभोरीजवळ गिरणेच्या काठी हे विद्यापीठ उभे राहिले. १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तोही याच विद्यापीठाकडे राहिला. २०१८ साली विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. असोद्याची ही लेक स्वतः लिहू-वाचू शकत नव्हती. तिच्या नावाच्या विद्यापीठात अडाणी आईबापांच्या मुलांचा हक्क पहिला, असे आम्ही मानतो.

गावचा धंदा, गावचे शिक्षण

जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय आणि अमळनेरचे प्रताप महाविद्यालय ही दोन्ही १९४५ सालची. तिथून शिक्षक, वकील, कारकून घडले. पण दरम्यान खानदेशातला रोजगार बदलत गेला. जळगावात डाळ मिल आणि तेल गिरण्यांच्या जोडीला पी.व्ही.सी. पाइप, ठिबक सिंचन आणि प्लास्टिकच्या चटयांचे कारखाने आले. रावेर-यावलची केळी आणि नंदुरबारची मिरची दूरदूरच्या बाजारात जाते. या मालाला पारखणारी, टिकवणारी, त्यावर प्रक्रिया करणारी शिकलेली माणसे हवी होती.

विद्यापीठाने १९९४ साली रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग सुरू केला. तेल, रंग, प्लास्टिक आणि अन्नपदार्थ यांचे तंत्रज्ञान तिथे शिकवले जाऊ लागले. स्थानिक विद्यापीठ वाढते ते असे. कारखानदाराला जाणकार माणूस जवळ मिळतो, मुलाला शिक्षणासाठी मुंबई गाठावी लागत नाही.

मात्र खरा प्रश्न यापुढे आहे. त्याच कारखान्यात आपला एक भाऊ ठेकेदाराकडे पोती उचलतो आणि दुसऱ्या कुणाचा मुलगा प्रयोगशाळेत मालाची तपासणी करतो. फाटक एकच, पण आत जाण्याची दारे दोन. आपल्या मुलांसाठी कोणते दार उघडते, हे दहावी-बारावीच्या सुट्टीत ठरते. त्या वेळी घरात सल्ला देणारे कुणी नसेल, तर शेजारचा जिथे गेला तिथेच आपलाही अर्ज जातो.

कॉलेजने विद्यार्थ्याकडेही पाहावे

कारखान्याला काय हवे एवढेच पाहून कॉलेज चालवले, तर ते भरतीचे केंद्र होईल. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी ठेवले. विद्यार्थ्याचे पोट आणि त्याचे घड्याळ त्यांनी आधी पाहिले. आजच्या प्रत्येक कॉलेजला हीच कसोटी लावली पाहिजे. कामगाराच्या मुलाला वेळ जमतो का? फी झेपते का? मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला इंग्रजीचा आधार मिळतो का?

आता नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण आले आहे. ही चांगली संधी आहे. पण तिथे मुलाला यंत्र, हिशेब, तपासणी शिकवतात की नुसते फुकट राबवतात, हे पालकांनी आणि प्राध्यापकांनी जाऊन पाहावे.

१९९० हे साल आपल्यासाठी आणखी एका कारणाने मोलाचे आहे. त्याच वर्षी बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या. भुसावळची रेल्वे आणि आयुध निर्माणी ही केंद्राचीच. पण राखीव जागेलाही पात्रता लागते, ती कॉलेजातच मिळवावी लागते.

पालकांनो, एवढे करा

प्रवेशापूर्वी मुलासोबत कॉलेजात जा. गेल्या वर्षी इथून शिकलेली मुले कुठे लागली, ते नेमके विचारा. ‘कमवा आणि शिका’ योजना आहे का, वसतिगृह आहे का, याची चौकशी करा. पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांच्या आत असेल, तर महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीत भरा. व्यावसायिक अभ्यासक्रमाला जात वैधता प्रमाणपत्र लागते, त्याची तयारी अकरावीपासूनच करा. ज्यांचे शिक्षण संसारात अर्धवट राहिले, त्या आई-वडिलांसाठीही १९८९ साली स्थापन झालेले नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे.

बी.ए. करणे कमीपणाचे नाही. त्यातूनही शिक्षक, अधिकारी, पत्रकार होतात. पण अभ्यासक्रम डोळे उघडे ठेवून निवडावा, कुणीतरी ढकलले म्हणून नव्हे. आणि मुलीच्या बाबतीत ‘जवळचे कॉलेज पुरे’ म्हणून थांबू नका. विद्यापीठ पुण्याहून गिरणाकाठी आले, त्याला तीन दशके उलटली. वस्तीतल्या शेवटच्या घरातली मुलगी तिथल्या प्रयोगशाळेत उभी राहीपर्यंत पुढची वाट आपल्यालाच चालायची आहे.