घट बसण्याआधी गोधड्या धुताना

पितृपंधरवडा सुरू झाला की आपल्याकडे घरोघरी एकच लगबग दिसते. घट बसण्याआधी घरातले झाडून सारे अंथरूण-पांघरूण बाहेर निघते. गोधड्या, वाकळा, चादरी, सतरंज्या, उशांचे अभ्रे यांची गाठोडी नदीवर, विहिरीवर, कालव्यावर नेली जातात आणि दगडावर गोधड्या आपटल्याचा आवाज दिवसभर ऐकू येतो. रिवाज देवीसाठी असला तरी डॉक्टरच्या दृष्टीनेही तो मोलाचा आहे. पावसाळ्याचे चार महिने ओलसर हवेत वापरलेल्या अंथरुणाला या निमित्ताने पाणी आणि ऊन मिळते. म्हणून या आठवड्यात याच विषयावर लिहीत आहे. पण आधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी एक बाई आपल्या सात वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आल्या. मुलाला रात्र झाली की खाज सुटे. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती आणि जांघेत बारीक पुरळ होते. खरूज ओळखायला वेळ लागला नाही. मी मलम लिहून दिले. तीन आठवड्यांनी ते पुन्हा आले. मी पुन्हा तेच मलम दिले. तिसऱ्या वेळी खाजवून खाजवून फोडांत पू झाला होता. त्यानंतर काही दिवसांनी बाई धावतच आल्या. मुलाचे तोंड सुजले होते, डोळ्यांखाली फुगवटा आला होता आणि लघवी काळ्या चहासारखी होत होती. मूत्रपिंडाला सूज आली होती. त्याला तातडीने जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. सुदैवाने काही आठवड्यांत मूल बरे झाले.

नंतर बाई भेटायला आल्या तेव्हा, पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता तो प्रश्न मी विचारला. "ताई, घरात आणखी कुणाला खाज येते का?" त्या म्हणाल्या, "येती की डॉक्टरसाहेब, समद्यांनाच येती. पर पोराला लई, म्हणून त्यालाच आणला." एका खोलीत सहा माणसे झोपत होती. तिन्ही मुले आजीच्या एकाच वाकळेत. आजींना दोन महिन्यांपासून खाज होती, पण लाजेपोटी त्या बोलल्या नव्हत्या. मी एका मुलाला औषध देत होतो आणि तो रोज रात्री पुन्हा त्याच अंथरुणात जात होता.

खरूज हा रक्त बिघडल्याने होणारा रोग नाही. अर्ध्या मिलिमीटरहून लहान अशा एका किड्यामुळे ती होते. इटलीतील बोनोमो या वैद्याने १६८७ मध्येच या किड्याचे वर्णन केले होते. मादी त्वचेच्या वरच्या थरात बारीक बोगदा करून त्यात अंडी घालते. आपल्या शरीराला त्या किड्याचे आणि त्याच्या विष्ठेचे वावडे निर्माण होते आणि त्यामुळे खाज सुटते. पहिल्यांदा लागण झालेल्या माणसाला खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. म्हणजे ज्याला आज काहीच त्रास नाही, तोही घरात खरूज पसरवत असू शकतो. खाजवलेल्या जागी जंतू शिरले की पू होतो आणि त्यातील काही जंतूंमुळे पुढे दोन-तीन आठवड्यांनी मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. म्हणून "खरूजच तर आहे" असे म्हणून सोडून देऊ नये.

आता प्रश्न असा की, खरूज अंगातून पसरते की अंथरुणातून? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधील शेफील्ड येथे केनेथ मेलनबी या शास्त्रज्ञाने याचा छडा लावला. खरूज झालेल्या सैनिकांच्या न धुतलेल्या घोंगड्यांत त्याने स्वयंसेवकांना झोपवले. सर्वांचा अंदाज होता की सगळ्यांना खरूज होईल. प्रत्यक्षात अशी लागण क्वचितच झाली. उलट खरूज झालेल्या माणसाशेजारी एकाच बिछान्यात झोपल्यावर मात्र ती लागली. तेव्हा मुख्य दोष गोधडीचा नसून एका गोधडीत अंगाला अंग लावून झोपण्याचा आहे. नुसत्या गोधड्या धुऊन खरूज जाणार नाही. घरातल्या सर्वांनी एकाच दिवशी औषध लावले पाहिजे, मग खाज असो वा नसो.

पर्मेथ्रिनचे पाच टक्क्यांचे मलम रात्री मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत सर्वांगाला लावावे. बोटांच्या बेचक्या, नखांखालची जागा, बेंबी आणि जांघा सोडू नयेत. नुसते पुरळावर टिपके लावून भागत नाही. सकाळी आठ ते बारा तासांनी अंघोळ करावी आणि आठवड्याने पुन्हा एकदा लावावे. तान्ही बाळे आणि गरोदर बायका यांच्याबाबत डॉक्टरांना विचारूनच करावे. किडे मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे राहू शकते, तेव्हा घाबरून रोज मलम चोळू नये. औषधाच्या दुकानातून मनानेच आणलेली स्टिरॉइडची ट्यूब लावल्याने खाज तेवढी दबते, रोग मात्र आत वाढत राहतो.

मलम लावल्याच्या दुसऱ्या दिवशी अंथरुणाकडे वळावे. गेल्या तीन दिवसांत वापरलेले कपडे, चादरी, अभ्रे आणि टॉवेल कढत पाण्यात भिजवून धुवावेत व कडक उन्हात वाळवावेत. पण जाड वाकळ कढत पाण्यात कोण धुणार? आणि जिथे टँकरचे पाणी येते तिथे एवढे पाणी आणायचे कुठून? त्यावर सोपा उपाय आहे. हा किडा माणसाच्या अंगावाचून दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त सहसा जगत नाही. म्हणून वाकळ, गोधडी, ब्लँकेट प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावे आणि आठवडाभर बाजूला ठेवावे. पाण्याचा थेंबही न लागता काम होते.

ढेकणांचे मात्र असे नाही. ढेकूण उपाशीपोटी कित्येक महिने काढतो. तो अंगावर राहत नाही. रात्री येऊन रक्त पितो आणि दिवसा खाटेच्या सांध्यांत, गादीच्या शिवणीत, भिंतीच्या फटीत लपतो. ढेकणांमुळे रोग पसरतो असे आढळलेले नाही, पण झोपेचे खोबरे होते आणि मुले चिडचिडी होतात. चादरी कढत पाण्यात धुवाव्यात, खाटेच्या सांध्यांत उकळते पाणी जपून ओतावे, फटी बुजवाव्यात आणि अंड्यांतून नवी पिल्ले निघतात म्हणून आठ-दहा दिवसांनी हे सारे पुन्हा करावे. नुसती गादी उन्हात टाकली तर ढेकूण सावलीच्या बाजूला जाऊन बसतो.

येथे एक कळकळीची विनंती आहे. पिकावर फवारायचे औषध गादीवर किंवा मुलांच्या डोक्यात कधीही टाकू नका. धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या ढेकणांसाठी झोपायच्या खोलीत ठेवू नका. हवेतील ओलाव्याने त्या गोळ्यांतून फॉस्फिन नावाचा वायू निघतो. तो बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव घेतो आणि शेजारच्या खोलीतही शिरतो. यावर उतारा नाही.

तिसरा पाहुणा डोळ्यांना दिसतच नाही. तो म्हणजे धुळीतला किडा. तो चावत नाही, रक्तही पीत नाही. आपल्या अंगावरून रोज झडणाऱ्या कातडीच्या कोंड्यावर तो गादीत आणि उशीत जगतो. त्याच्या विष्ठेचे कण नाकात गेले की काहींना सकाळी उठल्याबरोबर शिंका, नाक गळणे, डोळे चुरचुरणे असा त्रास होतो. दम्याच्या रोग्यांना धाप लागते. या किड्याला पाणी प्यावे लागत नाही, हवेतला ओलावाच त्याला पुरतो. म्हणून पावसाळा संपता संपता त्याची भरभराट असते. थंडी पडल्यावर ट्रंकेतली किंवा माळ्यावरची रजई काढून तशीच अंगावर घेतली की त्याच रात्री दमा उसळतो, याचे कारण बहुधा हेच. ती आधी धुवावी, निदान उन्हात दोन्ही बाजूंनी तापवून झटकावी. झटकण्याचे काम दमेकऱ्याने स्वतः करू नये आणि घरातही करू नये.

रोजच्या व्यवहारात एवढे पाळावे. चादर आणि अभ्रे आठवड्यातून एकदा धुवावेत. तेल लावलेल्या डोक्याखालचा अभ्रा त्याहून लवकर बदलावा. गोधड्या आणि गाद्यांना पंधरा दिवसांतून एकदा कडक ऊन द्यावे. सकाळी उठल्याबरोबर अंथरुणाची वळकटी करू नये. रात्रीचा घाम वाळायला अर्धा तास द्यावा. अर्धवट ओली चादर घडी करून ठेवू नये, तिला बुरशी लागते. नायटा झालेल्या माणसाचा टॉवेल आणि चादर वेगळी ठेवावी. बाळाचे ओले दुपटे नुसते वाळवून पुन्हा वापरू नये, धुवावे.

गरिबाघरी प्रत्येकाला वेगळे पांघरूण मिळेलच असे नाही, हे मला ठाऊक आहे. आजीच्या कुशीत झोपण्याचे सुख मुलांकडून काढून घ्यावे असेही मी म्हणणार नाही. एवढेच सांगतो, की घरात एकाला रात्रीची खाज सुटली तर त्याला एकट्याला दवाखान्यात आणू नका. सर्वांनी या, आजींनाही आणा. लाजण्यासारखे यात काहीही नाही. आणि डॉक्टर विचारायला विसरलाच, तर आपण होऊन सांगा.