भिक्षेकऱ्यांचे पुनर्वसन आणि समाजकार्यकर्त्याचा निर्णय

इंदूर शहरातील पलासिया हा आग्रा-मुंबई रस्त्यावरील गजबजलेला चौक होय. अशा कोणत्याही चौकात वाहने थांबली आणि काचेशी हात पसरला गेला, की नागरिक नाणे देतो किंवा मान फिरवितो. समाजकार्यकर्त्याला मात्र एवढ्यावर सुटका नसते. या माणसाचे हित कशात आहे आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हे त्याला पाहावे लागते.

इंदूरने या प्रश्नाचा कटू अनुभव घेतला आहे. २९ जानेवारी २०२१ रोजी, ऐन थंडीत, महानगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांनी रस्त्यावरील निराधार वृद्धांना मालमोटारीतून नेऊन शहराबाहेर क्षिप्रा गावाजवळ उतरविले. ग्रामस्थांनी हरकत घेतली व चित्रीकरण केले, तेव्हा त्या वृद्धांना पुन्हा गाडीत चढवून परत न्यावे लागले. राज्य शासनाने एका उपायुक्तास निलंबित केले. घडते आहे ते अयोग्य आहे, हे ओळखण्यास ग्रामस्थांना कोणत्याही पदवीची गरज भासली नाही.

त्यानंतर चित्र पालटले. केंद्र शासनाने भिक्षेकऱ्यांच्या पुनर्वसनासाठी निवडलेल्या दहा शहरांत इंदूरचा समावेश झाला. मुंबई व नागपूर हीही त्याच यादीत होती. इंदूरच्या जिल्हा प्रशासनाने सुमारे ५ हजार भिक्षेकरी असल्याचे सांगितले. त्यांत सुमारे ५०० मुले होती. अनेक मुलांना शाळेत घालण्यात आले. १ जानेवारी २०२५ पासून भीक देणे हाही गुन्हा ठरला आणि मे २०२५ मध्ये शहर भिक्षेकरीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. मुले शाळेत गेली, हे निःसंशय स्वागतार्ह होय. परंतु रिकामा चौक हे पुनर्वसनाचे माप नव्हे. तेथून उठलेला माणूस कोठे गेला, हे पाहिल्यावाचून यश मोजता येत नाही.

महाराष्ट्रात १९५९ चा भीक मागण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम आहे. त्यान्वये पोलीस वॉरंटाशिवाय अटक करू शकतात. दिल्लीत लागू असलेल्या याच कायद्याची अनेक कलमे तेथील उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरविली. दारिद्र्य हा गुन्हा होऊ शकत नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. आपल्याकडे आदेश देताना न्यायालय परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल विचारात घेते. म्हणून त्या अहवालातील प्रत्येक वाक्याला वजन असते. ‘काम करण्यास अनुत्सुक’ असा शेरा एका ओळीत लिहिता येतो. पण हाताला काय दुखणे आहे, मुलाने घराबाहेर का काढले, हे कळण्यास माणसाजवळ बसावे लागते.

बसणे हेच या कामातील पहिले कौशल्य. उभ्याने, वही उघडून विचारलेल्या प्रश्नांना खोटी उत्तरे मिळतात. प्रथम नाव विचारावे, ओळखपत्र नंतर. प्रौढ व्यक्तीने निवारागृहात येण्यास नकार दिला, तर कारण ऐकून घ्यावे. पुष्कळदा ते सामानाचे किंवा सोबतच्या माणसाचे असते. बोलणे गुप्त ठेवावे. ‘मुक्त’ केलेल्या भिक्षेकऱ्यांची छायाचित्रे प्रसिद्धीस देण्याचा मोह कार्यालयांनी आवरावा.

मुलाच्या बाबतीत मात्र नकाराने प्रश्न संपत नाही. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार भीक मागताना आढळलेले मूल काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक होय. त्याला २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावयाचे असते. खरी कसोटी लागते ती कडेवर मूल घेऊन भीक मागणाऱ्या आईपाशी. मुलाचे संरक्षण करावे, तर मायलेकरांची ताटातूट होण्याचा धोका. आईच्या इच्छेला मान द्यावा, तर मूल रस्त्यावरच राहणार. येथे कायद्याचे कलम पुरेसे पडत नाही. दोघांना एकत्र ठेवील अशी जागा शोधणे, आणि ती न मिळाल्यास तसे समितीपुढे स्पष्ट मांडणे, हे कार्यकर्त्याचे कर्तव्य ठरते.

शाळेत दाखल झालेल्या अशा मुलाची हजेरी शिक्षकांनी विशेष लक्षपूर्वक पाहावी. ते सलग काही दिवस न आल्यास जिल्हा बाल संरक्षण कक्षास कळवावे. मूल संकटात असल्यास १०९८ या क्रमांकावर कोणासही दूरध्वनी करता येतो.